क्षेत्रफळ जुळते

सरकारी टिपणीच्या कागदावर नोकरीभर मी सर्वांत जास्त वेळा लिहिलेलं वाक्य दोन शब्दांचं आहे: क्षेत्रफळ जुळते. ले-आऊटचा नकाशा यायचा. रस्त्यांचं, प्लॉटांचं, मोकळ्या जागेचं क्षेत्र मी वेगवेगळं काढायची, बेरीज सातबाऱ्यावरच्या आकड्याशी ताडून पाहायची आणि खाली हे दोन शब्द लिहून फाईल साहेबांच्या टेबलावर. सुरुवातीला प्लॅनिमीटर फिरवून, मग त्रिकोण पाडून कॅल्क्युलेटरवर, आणि शेवटच्या काही वर्षांत माऊसच्या एका क्लिकवर. हत्यारं बदलली, वाक्य बदललं नाही.

मी आरेखक म्हणून लागले आणि रचना सहायक म्हणून निवृत्त झाले. कोणत्या कार्यालयात, ते इथं लिहीत नाही. पुढं जे सांगणार आहे त्यात चूक माझी आहे, आणि कार्यालयाचं नाव आलं की वाचणाऱ्याचं लक्ष तिकडंच जातं. ट्रेसिंग पेपरवर चुकलेली रेघ ब्लेडनं खरवडायची, अमोनिया प्रिंटच्या वासानं डोळे चुरचुरायचे, ते दिवस मी पाहिले. तेव्हा पाठ केलेला रंगतक्ता अजून आठवतो. प्लॉटची हद्द जाड काळी, नवं बांधकाम लाल, पाडायचं ते पिवळ्या तिरप्या रेघांत, सांडपाणी लाल तुटक, पाण्याची नळी निळी तुटक. आणि मोकळ्या जागेसमोर लिहिलेलं असायचं: रंग नाही. ले-आऊटमध्ये आम्ही ती आपल्या हौसेनं हिरवी रंगवायचो, ते वेगळं.

मी नागपूरजवळच्या कामठीची. माहेर-सासर दोन्ही इथलंच. हे गाव मुळात नकाशावरूनच वसलं. १८२१ मध्ये इंग्रजांनी कन्हानच्या काठी छावणी टाकली आणि तिच्या आधारानं बाजार, विणकर, विडी कारखाने येत गेले. 'कॅम्प टी' वरून कामठी झालं असं इथलं शेंबडं पोरही सांगेल. आज या एवढ्याशा गावात तुम्ही चौकात उभे राहून कोणत्या दिशेला चार पावलं टाकता, त्यावर बांधकामाचा अर्ज कुणाकडं द्यायचा ते ठरतं. छावणीच्या हद्दीत कँटोन्मेंट बोर्ड, आणि तिथल्या जुन्या बंगल्यांची गंमत अशी की जमीन सरकारची, वरचं बांधकाम मालकाचं. शहरात नगर परिषद. वेशीला लागून येरखेडा, रनाळा ही गावं. आणि २०१७ पासून भोवतालच्या महानगर क्षेत्रासाठी एनएमआरडीए, म्हणजे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. मौजा, खसरा नंबर, पटवारी हलका हे तीन शब्द ज्याला उलगडता येत नाहीत त्यानं इथं जमीन घेऊ नये, असं माझे सासरे म्हणायचे. त्यांनी स्वतः कधीच घेतली नाही.

नागपूरकडं 'एकोणीसशे ले-आऊट' आणि 'पाचशे बहात्तर ले-आऊट' हे आकडे लोक आडनावासारखे वापरतात. "तुमचं घर कशातलं? पाचशे बहात्तरमधलं का?" शेतजमिनीचे तुकडे पाडून, सोसायटीच्या पावतीवर विकलेल्या वस्त्या त्या. माणसं आधी राहायला गेली. नकाशा मागून आला. २००१ च्या गुंठेवारी कायद्यानंतर नागपूर सुधार प्रन्यासनं त्या नियमित करायला घेतल्या, आणि 'आरएल' म्हणजे नियमित केल्याचं पत्र मिळालं का, त्यासाठीची 'डिमांड' भरली का, हे लग्नाच्या बैठकीतही विचारलं जाऊ लागलं. म्हणून ज्याच्या जाहिरातीवर 'एनए टीपी' अशी चार अक्षरं असतात, म्हणजे जमीन अकृषक झालेली आणि ले-आऊट नगररचनेकडून मंजूर, त्या प्लॉटला माणूस दोन पैसे जास्त देतो. ते जास्तीचे पैसे कशाचे? कागदाचे. जे नकाशात दाखवलं तेच तिथं होईल या भरवशाचे.

आता ती फाईल. २०२१ च्या पावसाळ्याच्या तोंडावर आली. कामठीलगतच्या एका मौज्यातला तीन एकरांचा ले-आऊट, ४८ प्लॉट, बहुतेक दीड हजार फुटी. मूळ मंजुरी २०१८ ची. अर्ज होता 'सुधारित अभिन्यासा'चा. ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या ले-आऊटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. तीन एकर म्हणजे १२,१४० चौरस मीटर, त्याचे दहा टक्के १,२१४. दीड हजार फुटांच्या पावणेनऊ प्लॉटांएवढी जागा. मूळ नकाशात ती वस्तीच्या मधोमध होती, तीन बाजूंनी रस्ता, चौथ्या बाजूला प्लॉट. सुधारित नकाशात ती आग्नेयेच्या कोपऱ्यात गेली होती, नाल्याला लागून, त्रिकोणी. मधल्या चौकोनात आठ नवे प्लॉट.

त्रिकोणी मोकळी जागा म्हटल्यावर मी आकार तपासला. जागा कुठंही साडेसात मीटरपेक्षा अरुंद नको. सरासरी रुंदी १६.६ मीटरपेक्षा कमी असेल तर लांबी तिच्या अडीच पटीहून जास्त नको. हा नियम चांगला आहे, नाहीतर लोक कंपाउंडलगतची गल्ली बाग म्हणून दाखवतात. इथं एक बाजू ४० मीटर, लांबी ६४. निमुळतं टोक हिशेबातून वगळलं तरी १,२३५ चौरस मीटर उरत होते. लागणाऱ्यापेक्षा एकवीस जास्तच. डिसेंबर २०२० पासून राज्यासाठी एकत्रित नियमावली आली होती, त्यातही मंजूर ले-आऊटमधली मोकळी जागा कमी करता येत नाही. प्लॉटधारकांची संमती असेल तर इकडची तिकडं करता येते. संमतीपत्रं जोडलेली होती. ३६ प्लॉट विकले गेले होते, संमती २६ जणांची. स्थावर संपदा कायद्याच्या, म्हणजे रेराच्या कलम १४ नुसार दोन तृतीयांश लागतात, म्हणजे चोवीस. सव्वीस होत्या.

मी लिहिलं: मोकळ्या जागेचे क्षेत्रफळ जुळते. आकार नियमानुसार. संमतीपत्रे सोबत.

फाईल साहेबांकडं जायला दोन दिवस होते, आणि त्या दोन दिवसांत एक बाई आल्या.

साठीच्या. जांभळं लुगडं, हातात सिमेंटच्या पोत्याची शिवलेली पिशवी. त्यांचा नवरा विडी कारखान्यात होता. बाबू हरदास एल. एन. यांनी ज्या विडी कामगारांना संघटनेत आणलं, त्यांच्या वस्तीतल्या त्या. नवऱ्याचे फंडाचे पैसे आणि मुलीच्या दोन बांगड्या घालून त्यांनी सतरा नंबरचा प्लॉट घेतला होता. कुणी तरी त्यांना सांगितलं होतं की चौकातल्या बागेत आता प्लॉट पडणार आहेत, आणि मोजणीच्या खुंट्या त्यांनी स्वतः पाहिल्या होत्या. भांडायला आल्या नव्हत्या. पिशवीतून विक्रीपत्र काढून माझ्या टेबलावर उलगडलं, आणि शेवटून दुसऱ्या पानावर बोट ठेवलं.

"वाचून द्या बरं मॅडम. मले पोरीनं वाचून दाखवलं, पण तुमी वाचा."

चतुःसीमा होती. पश्चिमेस नऊ मीटर रुंदीचा रस्ता, उत्तरेस प्लॉट क्रमांक १६, दक्षिणेस प्लॉट क्रमांक १८, आणि पूर्वेस: ओपन स्पेस.

"आता तिथं प्लॉट पडला, तं हे काय लिहून आहे ते खोटं होऊन जाईन नं?"

मला तीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. आमच्या नकाशात सतरा नंबरच्या प्लॉटला काहीच झालेलं नव्हतं. तो होता तिथंच होता, तेवढाच होता. आमच्या लेखी बदल झाला होता तो मोकळ्या जागेत, आणि तीही कमी झाली नव्हती. पण या बाईंच्या नोंदणी झालेल्या, मुद्रांक भरलेल्या दस्तातली एक दिशा आम्ही एका सहीनं पुसणार होतो. जागेचं क्षेत्रफळ असतं, तसा तिला शेजारही असतो, आणि शेजाराचा रकाना आमच्या टिपणीत नव्हता.

त्या गेल्यावर मी संमतीपत्रं पुन्हा काढली. शंभराच्या मुद्रांकावर, सगळी एकाच साच्यातली. 'ले-आऊटमध्ये भविष्यात होणाऱ्या कोणत्याही बदलास माझी हरकत राहणार नाही.' सतरा नंबरचंही होतं, खाली अंगठा. मी मुद्रांक विक्रेत्याचा मागचा शिक्का पाहिला. सगळे कागद २०१८ आणि २०१९ चे. जो बदल २०२१ मध्ये सुचला, त्याला माणसांनी दोन-तीन वर्षं आधी संमती दिली होती, प्लॉट घेतानाच, इतर पंधरा सह्यांच्या गर्दीत. मुंबईतल्या मधुविहार सोसायटीचं प्रकरण आमच्या एका प्रशिक्षणात शिकवलं होतं. सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन ते परत उच्च न्यायालयात आलं आणि तिथं ठरलं की अशी सरसकट आगाऊ संमती ही संमतीच नव्हे. नेमका कोणता बदल, हे समजून दिलेली हवी. मी ते वहीत उतरवून घेतलं होतं. टिपणी लिहिताना मला ते आठवलं नाही. सव्वीस हा आकडा चोवीसपेक्षा मोठा होता, आणि आकडा मोठा असला की आमचं डोकं बंद होतं.

दुसऱ्या दिवशी मी जागेवर गेले. खरं तर आधीच जायला हवं होतं. जूनमधली काळी माती, अजून भेगाळलेली. मधल्या चौकोनात कुणी तरी लावलेले तीन कडुनिंब कमरेएवढे झाले होते, आणि पोरांनी विटा रचून स्टंप केले होते. तिथून कोपऱ्याकडं गेले तर जमीन उतरत जाते, बघता बघता माणूसभर खाली. नाल्याच्या काठानं बेशरमाची झुडपं. एका बाभळीच्या फांद्यांत पन्न्या आणि कडबा अडकलेला होता, आणि तो माझ्या डोक्याच्या वर होता.

तिथं मला फाईल कळली.

२०२० च्या ऑगस्टच्या शेवटी छिंदवाड्याकडं प्रचंड पाऊस झाला, चौराई धरणाचं पाणी खाली आलं, तोतलाडोह आणि नवेगाव खैरीचे दरवाजे उघडावे लागले. पेंच कन्हानला मिळते ती आमच्या वरच्या अंगाला. नदी फुगली की तिला मिळणारे नाले उलटे वाहतात, हे कामठीत वेगळं सांगावं लागत नाही. त्या कोपऱ्यात सात प्लॉट होते, एकही विकला गेलेला नव्हता, आणि त्या पुरानंतर विकले जाणारही नव्हते. म्हणून ले-आऊटवाल्यानं अदलाबदल केली. बुडणारे प्लॉट बाग झाले, बाग प्लॉट झाली. सातच्या जागी आठ.

परत येऊन मी २०१८ ची मूळ फाईल मागवली. ते सात प्लॉट तिथं पाडू कुणी दिले, हे मला पाहायचं होतं. नकाशात नाला केसाएवढ्या निळ्या रेघेनं दाखवला होता, सोडायचं अंतर सोडलेलं होतं. उताराच्या समपातळी रेषा नव्हत्या. मागितल्या गेल्या नव्हत्या. नदीची निळी आणि लाल पूररेषा तिथपर्यंत येत नव्हती. नियमात निळ्या रेषेच्या आत बांधकाम नाही, आणि निळ्या-लालच्या मध्ये बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या ४५ सेंटिमीटर वर. पण रेषा आखली जाते नदीची, नाला बिनरेषेचाच राहतो. टिपणी एका पानाची होती. खाली ओळखीचं अक्षर.

क्षेत्रफळ जुळते.

मी साहेबांना म्हटलं, मला माझी टिपणी सुधारायची आहे. ते मान वर न करता म्हणाले, संमती खरी की खोटी हे महारेरा बघेल, आपण ड्रॉइंग बघायचं. त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. प्रत्येक कार्यालय आपल्या कुंपणात शहाणं असतं. पण मी तारखांची यादी करून पुढं ठेवली, आणि चतुःसीमेच्या पानाची झेरॉक्स. ते बराच वेळ त्या पानाकडं पाहत राहिले. मग म्हणाले, "दोन्ही पार्ट्यांना बोलवा. पण सुनावणी लिहू नका. बैठक लिहा."

हा शब्दांचा खेळ वाटेल, पण त्यात मोठी गोष्ट आहे. आपल्याकडं शहराची विकास योजना तयार होते तेव्हा तिचं प्रारूप प्रसिद्ध करावं लागतं, ठरलेल्या मुदतीत कुणीही हरकत घेऊ शकतो, आणि नियोजन समिती, म्हणजे सभेतले तीन आणि बाहेरचे जास्तीत जास्त चार जाणकार, प्रत्येकाचं ऐकून घेते. १९६६ च्या नगररचना कायद्यातच ते आहे. एका गावाच्या योजनेवर अशी हरकतींची सुनावणी मी कागद सांभाळत पूर्ण पाहिली आहे. शेतावरून रस्ता गेलेला शेतकरी, आरक्षणात घर गेलेली विधवा, आणि मधेच एक म्हातारे जे फक्त आपल्या गल्लीचं नाव चुकलंय हे सांगायला आले होते. पण मंजूर ले-आऊट बदलायचा असेल तर असं काहीच नाही. फाईल या टेबलावरून त्या टेबलावर जाते. शेजाऱ्याला कळतं ते जेसीबी आल्यावर.

माझी एक पुतणी न्यू जर्सीत राहते. तिच्या घराजवळच्या एका वसाहतीला नकाशा बदलायचा होता तर तिला रजिस्टर पत्र आलं. तिथं असा अर्ज केला की जागेपासून दोनशे फुटांच्या आतल्या प्रत्येक मालकाला किमान दहा दिवस आधी कळवावंच लागतं, आणि मग गावच्या प्लॅनिंग बोर्डापुढं संध्याकाळी खुली बैठक होते. ती फोनवर कंटाळून सांगत होती की दोन तास एका झाडाच्या जागेवरून वाद चालला. मला हेवा वाटला. तिथलं सगळं चांगलं असं नाही. तीच सांगते की अशा बैठकांत स्वस्त घरांना विरोध करणारेच मोठ्यानं बोलतात. पण निदान झाडाला दोन तास मिळतात.

आमची बैठक दिवाळीच्या आधी झाली. ३६ पैकी एकोणीस जण आले. खुर्च्या बारा. गार्ड्स रेजिमेंटमधून निवृत्त झालेले एक हवालदार, दोन यंत्रमाग चालवणारे एक चाचा, एक आयटीआयचे शिक्षक, लेकरू कडेवर घेऊन आलेलं एक जोडपं, आणि आपल्या सतरा नंबरच्या बाई. समोर ले-आऊटवाला आणि त्याचा आर्किटेक्ट.

शिक्षकांनी वर्तमानपत्राचं कात्रण आणलं होतं. ऑगस्ट २०२१ च्या शेवटी सर्वोच्च न्यायालयानं नोएडातले सुपरटेकचे दोन टॉवर पाडायचा आदेश दिला होता. आधीच्या नकाशात बाग दाखवलेल्या जागेत ते उभे राहिले होते, आणि रहिवाशांची संमती घेतलेली नव्हती. शिक्षक ते कात्रण सगळ्यांना दाखवत होते. आर्किटेक्ट हसून म्हणाला, "सर, ते तीस मजली आहेत. इथं अजून वीट लागली नाही." शिक्षक म्हणाले, "म्हणूनच आत्ता आलो."

चाचा एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते: "गार्डनवाला प्लॉट बोल के लिया, साहब." हवालदारांनी मात्र विचारलं ते मला अजून टोचतं. ते माझ्याकडं वळून म्हणाले, "मॅडम, तुमच्या नियमात बाग कशासाठी असते? किती असते ते नका सांगू." नियमावलीत मोकळ्या जागेचं किमान क्षेत्र आहे, किमान रुंदी आहे, तिच्यावर किती टक्के बांधता येईल ते आहे. म्हाताऱ्या माणसाला तिथपर्यंत चालत जाता यावं, खेळणारं पोर घराच्या खिडकीतून दिसावं, हे कोणत्या रकान्यात मोजणार? मी म्हटलं, सार्वजनिक वापरासाठी. ते म्हणाले, "मंग नाल्यात कोण वापरन?"

आणि मग ले-आऊटवाला बोलला. मला वाटलं होतं तो कायदा काढेल. त्यानं काढला नाही. तो इथलाच माणूस, बापाची शेती विकून पहिला ले-आऊट टाकणारा. तो म्हणाला, "बाग पाण्यात गेली तं चालते. घर पाण्यात गेलं तं चालते का? तिथं सात घरं बांधू देऊ का मी? मी काय चुकीचं करून रायलो, सांगा."

खोलीत कुणी बोललं नाही. कारण तो निम्मा बरोबर होता. त्या कोपऱ्यात घर नकोच होतं, आणि बाग, मैदान, पार्किंग हे पुराच्या पट्ट्यातही चालतं, असं आमची नियमावलीच सांगते. जगभर नद्यांच्या काठाला हेच करायला सांगतात. पण सात प्लॉट बुडाले, हे नुकसान कुणाचं? जमीन विकत घेताना ज्यानं उतार पाहिला नाही त्याचं, मंजूर करताना जिनं पाहिला नाही तिचं, की ज्या माणसांनी बागेसमोरचा प्लॉट म्हणून जास्त पैसे मोजले त्यांचं? तो सुधारित नकाशा म्हणजे याच प्रश्नाचं उत्तर होतं, हिरव्या रंगात लिहिलेलं, आणि ते मला एकदाही दिसलं नव्हतं. माझ्या मते नकाशातला कुठलाही बदल असाच असतो. कुठलं तरी नुकसान एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात ठेवायचं असतं, आणि बेरीज तीच राहते म्हणून कुणाला कळत नाही.

मी बैठकीत सुचवलं की कोपरा मोकळा सोडा आणि मधली बागही ठेवा. सात प्लॉट सोडून द्या. ले-आऊटवाल्यानं माझ्याकडं जे पाहिलं ते मी विसरले नाही. म्हणाला, "मॅडम, अठराला तुमीच पास केले होते नं ते सात?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

प्रस्ताव त्रुटी काढून परत गेला. संमतीपत्रे प्रस्तावित बदलाच्या नकाशासह, नव्याने सादर करावीत, असं मी लिहिलं, आणि पहिल्या टिपणीतल्या 'संमतीपत्रे सोबत' या शब्दांवर रेघ मारून बाजूला सही केली. नव्या संमत्या त्यानं मिळवायचा प्रयत्न केला. नऊच्या पुढं गेला नाही. प्रस्ताव पुन्हा आला नाही. मधली जागा राहिली. पुढच्या ऑगस्टमध्ये नोएडातले ते टॉवर काही सेकंदांत खाली बसलेले सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिले, तेव्हा शिक्षकांचा मला फोन आला. ते खूष होते. आपल्या चौकोनात त्यांनी बाक बसवले होते, आणि एका कोपऱ्यात लहानसा ओटा बांधून मूर्ती बसवायचंही ठरत होतं. देव बसला की जागेला हात लावायची कुणाची छाती होत नाही, हा आमच्याकडचा खरा ओपन स्पेस कायदा. मी नोकरीत असेपर्यंत त्याच्या विरोधात पत्रं काढत आले. त्या दिवशी काही बोलले नाही.

मी जिंकले असं मात्र मला म्हणता येत नाही. सुधारित नकाशा परत गेला म्हणजे मूळ नकाशा जिवंत राहिला, आणि मूळ नकाशात तो कोपरा म्हणजे सात मंजूर प्लॉट. एनए टीपी. मंजुरी रद्द करायची किंवा बदलायची तरतूद त्याच १९६६ च्या कायद्याच्या कलम ५१ मध्ये आहे, मी ती सुचवलीही. पण त्यात नुकसानभरपाईचा प्रश्न येतो, आणि भरपाईचं नाव निघालं की फाईल कपाटाच्या वरच्या खणात जाते. मी निवृत्त झाले तेव्हा ती तिथंच होती.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी संध्याकाळी फिरत तिकडं गेले. कामठी रोडवर डबल डेकर पुलाचं काम चाललं होतं, मेट्रो कन्हानपर्यंत येणार म्हणून जमिनीचे भाव चढले होते, आणि सात प्लॉट निम्म्या दरानं विकले जात होते. निम्मा दर परवडणाराच तिथं येणार. एका प्लॉटवर जोतं बांधून झालं होतं. एक तरुण बाई पाटीनं मुरूम टाकत होती, नवरा फावड्यानं पसरवत होता, लेकरू वाळूच्या ढिगावर झोपलेलं. बाभळीतल्या पन्न्या तशाच होत्या.

मला थांबलेली पाहून बाईनं विचारलं, "काकू, तुमी इथल्याच का? इथं पाणी येते का हो?"

"येते," मी म्हटलं. "वीसला आलं होतं." आणि बाभळीकडं हात केला.

नवऱ्यानं फावडं थांबवलं. त्यानं बाभळीकडं पाहिलं, मग आपल्या जोत्याकडं. कमरेत वाकून हाताच्या वितीनं उंची मोजली.

"किती वर घेऊ?"

"अजून तीन फूट तरी."

"तीन फूट म्हणजे..." तो बोटांवर मोजू लागला. बाई मधेच म्हणाली, सात टिप्पर. तो म्हणाला, नाही, आठ लागतील. मग दोघंही गप्प झाले, आणि ती पुन्हा पाटी भरू लागली.